बेटीबंदी, वारसा आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

लहान, आपसातच सोयरीक करणाऱ्या समाजात एखादा आजार जास्त दिसला की त्याचे कारण लोकांच्या तोंडी तयारच असते. बाहेर मुलगी देत नाहीत, बाहेरची करत नाहीत, मग रक्तात दोष साठणारच! पारशी समाजातल्या मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल, म्हणजे एमएसबद्दल, शिकलेली माणसेही असेच बोलतात. या समजुतीची दुसरी बाजू लग्नाच्या बोलणीत दिसते. मुलीच्या आईला एमएस आहे असे कळले की पाहुणे चहा पिऊन जातात आणि निरोप येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात भंडारी, कुणबी, मराठा, खारवी, दालदी, चित्पावन, बौद्ध, कोकणी मुसलमान असे कितीतरी समाज पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या चौकटीत सोयरिकी करत आले आहेत. तेव्हा हा प्रश्न फक्त पारशांचा नाही, आपलाही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. बंदिस्त समाज एमएस निर्माण करत नाही. दार बंद होताना जो वारसा आत होता तो, मग तो जोखमीचा असो वा संरक्षणाचा, असा समाज पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राखतो. त्या वारशातून मुलाकडे जातो तो आजाराकडे असलेला कल. प्रत्यक्ष आजार व्हायला त्या कलाखेरीज आणखी बरेच काही घडावे लागते. हा फरक न कळल्यामुळे आपण दोन चुका एकदम करतो. जिथे आपसातल्या लग्नांचा खरोखर दोष आहे तिकडे दुर्लक्ष करतो आणि जिथे तो नाही तिथे एखाद्या मुलीचे आयुष्य अडवून धरतो.

मुंबईतल्या पारशांची मोजणी

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. बहुतेकदा वीस ते चाळीस या वयात सुरुवात होते आणि पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट स्त्रियांना हा आजार होतो. एका डोळ्याला अचानक अंधुक दिसणे, पाय बधिर होणे, तोल जाणे अशी लक्षणे येतात, काही आठवड्यांत ओसरतात आणि पुन्हा येतात.

भारतात हा आजार दुर्मीळ समजला जाई. जुना अंदाज लाखात सुमारे एक असा होता. १९८०च्या दशकात डॉ. नादिर भरूचा, डॉ. एडी भरूचा, डॉ. नोशीर वाडिया, डॉ. भीम सिंघल आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन मज्जासंस्थेच्या आजारांची पाहणी केली. त्यांनी १४,०१० माणसे तपासली. त्यातून एमएसचे प्रमाण लाखात २१ निघाले आणि ते १९८८मध्ये प्रसिद्ध झाले. १९९०मध्ये वाडिया आणि भाटिया यांनी पारशांमधले प्रमाण लाखात २६ असल्याचे नोंदवले. शेजारच्या घरात राहणाऱ्या, तेच ऊन अंगावर घेणाऱ्या, तेच पाणी पिणाऱ्या इतरांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी पट जास्त होते. एकाच शहरात दोन समाजांत एवढे अंतर पडते, तेव्हा वारशाचा हात नाकारता येत नाही, आणि मला तो नाकारायचाही नाही.

मात्र हे आकडे वापरण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. चौदा हजारांत लाखामागे २१ म्हणजे प्रत्यक्षात तीन माणसे. एक जण कमी-जास्त झाला तर आकडा तिसऱ्या हिश्शाने हलतो. शिवाय पारशांची मोजणी उंबरठ्यावर जाऊन झाली, इतरांची रुग्णालयात आलेल्यांवरून. जिथे मेंदूविकारतज्ज्ञ नाही, एमआरआय नाही, तिथे रुग्ण असतो पण नोंद नसते. याच किनाऱ्यावर दक्षिणेला मंगळूरमध्ये डॉ. लेखा पंडित यांच्या पाहणीत २०१४ साली लाखात आठपेक्षा थोडे जास्त प्रमाण निघाले. आजार वाढला असेल किंवा नसेल, पण तो शोधणारे नक्कीच वाढले होते. पारशी आणि बाकीचे यांच्यातले अंतर खरे आहे, पण आपण समजतो तेवढे रुंद नाही.

वारशाच्या दोन रीती

गोंधळाचे मूळ इथे आहे. अनुवंशिकता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते, आणि ते एमएसचे नसते.

पहिली रीत कोकणाला जवळची आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट शोधून 'लॅन्सेट'मध्ये त्याची माहिती दिली. तोच पुढे बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला गेला. नेहमीच्या चाचणीत तो 'ओ' वाटतो, पण अशा माणसाला 'ओ' रक्त दिले तर जिवावर बेतते, कारण 'ओ' रक्तातही असणारा एच घटक त्याच्या रक्तात नसतो. पुढच्या नोंदींत अशी बरीच कुटुंबे कोकणातली आणि दक्षिण महाराष्ट्रातली निघाली. त्यांच्यात एफयूटी१ या जनुकात बहुधा एकच ठरावीक बदल सापडतो. हा रोग नव्हे, पण वारशाची ही रीत अगदी स्वच्छ आहे. आई आणि वडील दोघांकडूनही तोच बदल आला तरच परिणाम दिसतो. दोघे वाहक असले तर प्रत्येक अपत्याला चारात एक इतकी शक्यता.

याच रीतीने चालणारा, मेंदूच्या पांढऱ्या भागाचाच एक आजार मुंबईत डॉ. सिंघल यांनी अग्रवाल समाजात ओळखला. बाळाचे डोके पहिल्या वर्षात मोठे होत जाते, पुढे चाल बिघडते, झटके येतात. एमएलसी१ या जनुकातला एकच बदल या समाजातल्या बहुतेक रुग्णांत आढळतो, म्हणजे तो कधीकाळी एका पूर्वजाकडून आलेला असणार. अशा आजारांच्या बाबतीत आपसातली लग्ने थेट दोषी आहेत. समाज जितका लहान आणि बंद, तितकी दोन वाहक एका मांडवात येण्याची शक्यता जास्त.

एमएसची रीत वेगळी. त्याचे एक जनुक नाही. २०१९मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने आजाराच्या जोखमीशी जोडलेल्या २३३ जागा जनुकसंचात दाखवल्या. त्यांतल्या बहुतेक जोखीम अगदी किंचित हलवतात. सगळ्यात वजनदार आहे सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा प्रकार, जो जोखीम सुमारे तिप्पट करतो. उत्तर युरोपात दर चार-पाच माणसांत एकाकडे तो असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना एमएस कधीच होत नाही. मुद्दा असा की या प्रकाराची एक प्रतही पुरते, दोन्हीकडून येण्याची गरज नसते. मग दोन वाहक एकत्र येण्याचा, म्हणजे बेटीबंदीवरच्या आरोपाचा सगळा आधारच इथे निखळतो. समाज बंद असला काय, उघडा असला काय, आईकडचा कल मुलाकडे त्याच हिशेबाने जातो.

आणि तो जातो तरी किती? पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत आई किंवा वडील आजारी असतील तर अपत्याला आयुष्यभरात एमएस होण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णवांना काही होत नाही. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असेल, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण पाव. जनुके शंभर टक्के सारखी असूनही तिघे सुटतात आणि एक सापडतो! ज्या मुलीचे स्थळ आईच्या आजारामुळे परत गेले, तिच्यावर या आकड्यांच्या कसोटीत धडधडीत अन्याय झाला आहे.

बंद दारांचे उलटसुलट निकाल

एवढे सांगूनही कोणी म्हणेल की लहान समाजांत एमएस जास्त दिसतो हे तर खरे ना? नाही. फक्त जास्त दिसला तिथलीच नावे आपल्याला ऐकू येतात.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर लाखात सुमारे ४०० रुग्ण आहेत. जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी ते एक. सार्डिनिया हेही असेच एकाकी बेट, तिथेही प्रमाण मोठे. आता दुसरी बाजू पाहा. कॅनडातले हटराइट हे शेतकरी सामूहिक वसाहतींत राहतात, शेकडो वर्षे आपसातच लग्ने करतात, त्यांची वंशावळ मोजक्या पूर्वजांपर्यंत पोचते. एमएसचा कहर असलेल्या त्या देशात त्यांच्यात हा आजार विरळा. उत्तर नॉर्वेतले सामी आणि न्यूझीलंडमधले माओरी यांच्यातही शेजाऱ्यांपेक्षा एमएस कमी. बंदपणा हेच कारण असते, तर हटराइट सगळ्यांत आधी सापडायला हवे होते.

आणि कॅनडा? देशोदेशीच्या लोकांनी एकत्र येऊन वसवलेल्या या देशात एमएसचे प्रमाण लाखात अडीचशेहून जास्त आहे. मुंबईच्या पारशांच्या दसपट. 'मिसळा म्हणजे आजार जाईल' या सल्ल्याला तिथली वस्तुस्थिती जुळत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष असा. दार बंद करताना आत कोण होते, यावर पुढचे सारे ठरते. २०२४च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये आलेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने दाखवले की युरोपातली एमएसची जनुकीय जोखीम सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांबरोबर पसरली. गुरांच्या सहवासात जगणाऱ्यांना तोच प्रकार बहुधा जंतुसंसर्गापासून वाचवत होता, असा अभ्यासकांचा कयास आहे. ज्याला आपण रक्तातला दोष म्हणतो तो कधीकाळी रक्षक असू शकतो. पारशांचे पूर्वजही इराणातून आपला वारसा घेऊन गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. सुरुवातीच्या काळात इथल्या स्त्रियाही त्या समाजात आल्या, हे त्यांच्या मातृवंशाच्या अभ्यासातून दिसते. पुढे दार लागले आणि होते ते आत टिकले.

ऑर्कनीचीही गंमत अशी की तिथल्या संशोधकांनी ज्ञात जोखमीचे प्रकार मोजले, तेव्हा शेजारच्या स्कॉटलंडपेक्षा जास्त असलेल्या रुग्णांपैकी फार थोड्यांचा उलगडा त्यातून झाला. उरलेल्यांचे कारण आणखी कुठेतरी शोधायला हवे.

जमीन बदलली की जोखीम बदलते

ते कुठे, याचा एक धागा भारतीयांतच मिळतो. भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेल्यांमध्ये एमएस कमी होता. १९९०मध्ये एलियन, नाइटिंगेल आणि डीन यांनी त्यांच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांची पाहणी केली, तेव्हा या मुलांतले प्रमाण तिथल्या गोऱ्या मुलांच्या जवळ गेलेले दिसले. रक्त तेच, बदल एका पिढीत! जनुके एवढ्या वेगाने बदलत नाहीत. लंडन किंवा टोरांटोत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे नीट समजून घ्यावे. आपल्या घराण्यात हा आजार कधी नव्हता, हे वाक्य तिथे वाढणाऱ्या मुलांना कवच पुरवत नाही.

बदलते ते काय? ऊन आणि ड जीवनसत्त्व, किशोरवयातला लठ्ठपणा, धूम्रपान, आणि एप्स्टाइन-बार विषाणू. २०२२मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून दिसले की या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसची जोखीम ३२ पटींनी वाढते. हा विषाणू जवळपास सर्वांना गाठतो, पण केव्हा गाठतो याला महत्त्व आहे. गर्दीच्या घरांत तो तान्हेपणीच होऊन जातो आणि कळतही नाही. ऐसपैस घरांत तो पंधरा-वीस वर्षांच्या वयापर्यंत लांबतो, तेव्हा ताप आणि गाठी घेऊन येतो, आणि अशा उशिराच्या संसर्गानंतर एमएस जास्त दिसतो. आपल्याकडचा मध्यमवर्ग नेमका या दिशेने चालला आहे.

महारोगाने शिकवलेले

'घराण्यात आहे म्हणजे रक्तात आहे' हे अनुमान किती महाग पडते, हे रत्नागिरीने एकदा पाहिले आहे. १८६७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या अहवालाने महारोग आनुवंशिक आहे, संसर्गजन्य नाही, असा निर्वाळा दिला. पुरावा हाच की तो कुटुंबाकुटुंबांतून चालतो. सहाच वर्षांनी, १८७३मध्ये, नॉर्वेत हान्सेनने त्याचा जंतू पाहिला. एका छपराखाली राहणाऱ्यांचे रक्त एक असते तसा श्वासही एक असतो, हे त्या विद्वानांनी लक्षातच घेतले नव्हते. रत्नागिरीत महारोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले ते एका पारशी दानशूराच्या, दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून. दान पोचले, उपचारही पुढे आले. पण घराण्यावरचा शिक्का पुसायला किती काळ लागला पाहा: कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले ते २०१९ साली.

एमएस हा संसर्गजन्य आजार नाही, रुग्णाकडून दुसऱ्याला होत नाही. तुलना करायची ती आजारांची नव्हे, आपल्या विचाराच्या सवयीची.

'आमच्यात सगोत्र करत नाहीत'

आता उलट बाजूची चूक. चारात एक या हिशेबाने चालणाऱ्या आजारांबाबत, जिथे आपसातली लग्ने खरोखर भोवतात तिथे, आपण निर्धास्त असतो. कारण काय, तर सगोत्र टाळतो. गोत्र बापाकडून येते. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. त्यांतल्या एका जागेवर गोत्राची नजर असते. हिंदू विवाह कायद्यातला सपिंडाचा नियम वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या पाहतो, तो जरा बरा. पण पंधराव्या पिढीतला समान पूर्वज त्याच्याही हाती लागत नाही, आणि लहान समाजात असे पूर्वज एक नव्हे, अनेक असतात. मामाची मुलगी करण्याची चाल जिथे आहे तिथे तर हिशेब आणखी सोपा.

भारतातल्या बेटीबंदीची खोली जनुकशास्त्राने अलीकडे मोजली. २०१३च्या एका अभ्यासानुसार इथले समूह सुमारे १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांत मुक्तपणे मिसळत होते, नंतर ते थांबले. २०१७मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. थंगराज आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले. त्यांतल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्कनाझी ज्यूंपेक्षाही गडद निघाला. त्यांत दहा लाखांहून मोठे समूहही होते. म्हणजे समाज संख्येने मोठा आहे यात संरक्षण नाही. पारशांकडे बोट दाखवताना आपण आरशासमोर उभे आहोत.

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातीचे सार म्हणजे बेटीबंदी असे दाखवून दिले होते. जनुकशास्त्र ती खूण रेणूत वाचायला लागले त्याला पुढे जवळजवळ शतक लागले.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: मग जातीबाहेरच्या लग्नाचा पुरस्कार करायला हे चांगले वैद्यकीय कारण नाही का? चारात एक या रीतीच्या आजारांपुरते आहे. एमएसपुरते नाही. आणि मला ही वाटच धोक्याची वाटते. माणसाने कोणाशी लग्न करावे हा स्वातंत्र्याचा आणि समतेचा प्रश्न आहे. याच रत्नागिरीत स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी बेटीबंदी तोडण्याचा पुरस्कार केला, आंबेडकरांनी तिच्या मुळावरच घाव घातला. त्यांच्या युक्तिवादाला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नव्हती. समता वैद्यकावर टेकवली, तर उद्या एखाद्या आजाराचा आकडा उलटा निघाला की तीही डळमळेल.

दुसरा आक्षेप: समाजाचे नाव घेऊन मोजले तर त्या समाजाला बट्टा लागेल. भीती खरी आहे. पण पारशांनी दारे उघडली, नाव छापू दिले, आणि त्यातून भारताला एमएसची पहिली भरवशाची मोजणी मिळाली. मोजल्यामुळे बट्टा लागत नाही, अर्धवट मोजून सैल बोलल्यामुळे लागतो. कोणाची माहिती कोणाच्या हाती राहील, ती विमा कंपनीला मिळेल का, याचे नियम मात्र आधी ठरले पाहिजेत. जनुकीय माहितीच्या बाबतीत हे काम आपल्या कायद्यात अजून अपुरे आहे, आणि या आक्षेपाची धार मी तेवढ्यापुरती मान्य करतो.

तिसरा आक्षेप: कल कळून तरी काय करणार, जनुके थोडीच बदलता येतात? जनुके नाहीत, पण वेळ बदलता येते. एमएसवर आता परिणामकारक औषधे आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके अपंगत्व कमी. अडचण औषधाच्या किमतीची आणि निदानाच्या उशिराची आहे. पंचविशीतल्या बाईला एका डोळ्याने अंधुक दिसू लागले, डोळा हलवताना दुखले, तर चष्म्याचा नंबर बदलून किंवा अशक्तपणा म्हणून टॉनिक देऊन तिला परत पाठवायचे नसते, मेंदूच्या एमआरआयसाठी पाठवायचे असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. प्रमाणपत्राचा तो हक्कही निदान झाल्याशिवाय मिळत नाही, आणि बोलणी फिसकटतील म्हणून आजार लपवणारी कुटुंबे तो मागायलाच जात नाहीत.

रत्नागिरीच्या रकान्यात कोण

कोकणातल्या आजारांची मोजणी चुकण्याचे आणखी एक साधे कारण आहे. इथला तरुण रुग्ण चाकरमानी असतो, किंवा चाकरमान्याच्या घरी उतरून मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात दाखवून येतो. निदान तिथे, नोंद तिथे, पत्ता परळ नाही तर डोंबिवली. त्यामुळे जिल्ह्यात एमएस नाहीच, असे वाटत राहते. मुंबई-पुण्याच्या मेंदूविकार विभागांनी रुग्णाच्या कागदावर सध्याच्या पत्त्याबरोबर चारही आजी-आजोबांची गावे लिहून घेतली, आणि रत्नागिरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व डेरवणचे वालावलकर रुग्णालय यांनी आपल्याकडच्या नोंदी त्यांना जोडल्या, तर पाच-सात वर्षांत चिपळूण, दापोली, राजापूर असा तालुकावार नकाशा तयार होईल. जात विचारण्यापेक्षा आजी-आजोबांची गावे विचारणे जास्त उपयोगाचे ठरेल, कारण लग्नाचे वर्तुळ त्यातूनच नेमके कळते: चारही गावे एकाच खाडीच्या काठची, की दोन घाटावरची. त्याच कागदावर बालपणीचा आणि किशोरवयातला मुक्काम, कांजण्या-गाठींचा इतिहास आणि तंबाखू यांचे रकाने असले, तर वारशाचा वाटा किती आणि मुंबईच्या खोलीत वाढण्याचा वाटा किती, हे पहिल्यांदाच मराठी माणसांच्या आकड्यांवरून पाहता येईल. आज त्यासाठी आपण ऑर्कनी आणि कॅनडाचे आकडे उसने घेतो आहोत.